मेलेल्या वारुळाची बोटं

हरिसिंग तांड्यावरून चिखल तुडवत यवतमाळला आला होता. खाजगी तपासनीस देवतळ्यांच्या ओसरीवर तो बसलासुद्धा नाही.

त्याची बायको धनीबाई पांढरकवड्याच्या कोठडीत होती. तिने विकलेले टेकोडे, म्हणजे वारुळावर उगवणारी छत्र्यांची भाजी, खाऊन गावातल्या शेतकरी सदाशिवरावांची बायको तानाबाई मेली होती.

"उद्या कोर्टात कबुली देते म्हनते, साहेब. तिले वाटते, आपलीच नजर चुकली. पकडून नेईपर्यंत घरात कोनी तिच्या हातची भाकर खाल्ली नाही." तो थांबला. "मीबी नाही खाल्ली."

देवतळ्यांनी पितळी सूक्ष्मदर्शक उचलला. सोबत त्यांचा मदतनीस मोतीराम कंपाउंडर निघाला. माणूस सोन्यासारखा, पण पोलीस जमादाराने काही सांगितलं की त्याला पटलंच.

कोठडीत धनीबाई गजाला डोकं टेकून होती. वारूळ आम्ही फोडत नाही, वरवर तोडून हात जोडतो, एवढंच ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, त्या दिवशी हाताला घासलेटासारखा वास येत होता.

सदाशिवरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जिथून धनीबाईने टेकोडे तोडले होते, त्या वारुळातून आता काळी, बोटांसारखी बुरशी वर आली होती. जमादाराच्या मते बाईने हीच भाजीत मिसळली. देवतळ्यांनी एक बोट मोडून घेतलं. सदाशिवरावांच्या घरी सुपात तानाबाईने वाळत टाकलेले टेकोडे तसेच पडले होते. कुणी हात लावायला धजत नव्हतं.

सालदार गडी गुलाबसिंग म्हणाला, मालकीण मूल व्हावं म्हणून दर सोमवारी त्याच वारुळाला हळदकुंकू वाहायची. मालक एरवी टेकोडे दोनदा मागून घेतात, त्या दिवशी मात्र ताटावरून तसेच उठले. सदाशिवरावांचा धाकटा भाऊ नानाजी म्हणाला, यंदा वाळवीने कपाशी खाल्ली, दादा जेरीस आला होता.

सदाशिवराव खाली बघूनच बोलले. "ते वारूळ उन्हाळ्यातच मेलं होतं. तवापासून तिथं काळंच उगवते."

देवतळ्यांनी तिथल्या ओसरीवरच सूक्ष्मदर्शक मांडला आणि मोतीरामला बघायला लावलं. काळ्या बोटाच्या कापात लांबट पिशव्या दिसत होत्या आणि प्रत्येकीत आठ बीजाणू, शेंगेत दाणे असावेत तसे. सुपातल्या टेकोड्यात पिशवीच नव्हती. इवल्या दांडीच्या टोकावर चार बीजाणू उघडेच होते.

"दोन्ही घराणीच वेगळी," देवतळे म्हणाले. "सुपात काळ्याचा तुकडाही नाही. आणि टेकोडे फक्त जिवंत वारुळावर येतात, कारण वाळवीच त्यांची मशागत करते. ती मेली की मग काळी बोटं. म्हणजे धनीबाईने तोडले तेव्हा वारूळ जिवंत होतं, किंवा नुकतंच कुणी मारलं होतं. तुम्ही उन्हाळ्यात मेलं का म्हणालात, सदाशिवराव? तांड्याचे लोक वारूळ फोडत नाहीत की मारत नाहीत. धनीबाईच्या हाताला आला तो कपाशीवरच्या विषारी औषधाचा वास. आणि टेकोडे आवडत असूनही ताटावरून उठलात तुम्ही."



"आदल्या सांजेले वारुळात औषध ओतलं म्या," सदाशिवराव म्हणाले. "ताटात टेकोडे पाह्यले, कोठचे म्हनून तिले इचारलं, तवा समजलं. पन तिचा देव होता तो. म्याच मारला, हे कसं सांगू? धुतल्यावर जाते म्हनलं."

मोतीरामला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती जेमतेम टळली होती. सदाशिवराव स्वतःच जमादाराकडे चालत गेले.

धनीबाई सुटून तांड्यावर आली, तरी चुलीपाशी जाईना. पीठ परातीत तसंच पडलं होतं.

"माह्या हातची खासान?" तिने अखेर विचारलं.

हरिसिंग ताट घेऊन तिच्यासमोर बसला. तिने भाकर थापून त्याच्या ताटात टाकली आणि चटणी वाढायला हात पुढे केला, तोवर त्याची अर्धी भाकर संपली होती.