चौथा बमगोळा

हसाचं असन त आताच हसून घ्या. मधात दात काढले त मी उठून जाईन. हे माह्या डोळ्यादेखत झालं हाय.

साल पंचावन्न. वैशाख. रात नाई, भर दुपार. गाव चिमूरकडचं, नाव सांगत नाई.

त्याच्या अकरा वर्षं आधी, मोठ्या लढाईत, गोऱ्यांची विमानं आमच्या तलावावर बमगोळे टाकाचा सराव करत. एका फेरीत चार. चौथा फुटला का आम्ही ढिवर टोपल्या घेऊन पाण्यात. मेलेले मासे फुकटात.

एक दिवस तीनच फुटले. आमचा बाप पत्रू म्हणाला, "आज तीनच हायेत," अन् उतरला.

चौथा उशिरा फुटला.

त्या वैशाखात मी न् माहा मोठा भाऊ पोचू तलावाच्या बांधावर, पाळीवर, जाळं सांधत बसलो होतो. एकाएकी पाखरं चूप झाली...

मंग घरघर.

आभाळ कोरं. विमान कुठीच नाई.

पाणी थरथरलं... एकदा. दोनदा. तीनदा. फुटल्याचा आवाज नाई. पण मासे वर आले, पांढरी पोटं करून.

"वारलू," पोचू हळूच म्हणाला, "बाबा दिसते का तुले?"

कमरेइतक्या पाण्यात बाप उभा. पाठ आमच्याकडे. मासे येचून राह्यला होता.

"चौथा बाकी हाय. बाबाले बाहेर आणतो."

"नको जाऊ भाऊ. तो मेला नं."

"तवाही आपण पाळीवरच बसलो होतो," पोचू म्हणाला.

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवला न् पाण्यात उतरला. मी पाळीवरच. नुसता पाहत राह्यलो.

त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

पाणी चौथ्यांदा थरथरलं...

तलावात कोणीच नव्हतं. मासेही नाई. गावानं तीन दिवस जाळी टाकली. पोचू सापडला नाई.

या गोष्टीले चार वर्षं झाली. दर वैशाखात घरघर येते. दोघं पाण्यात दिसतात. मी वरडतो, ते वळत नाईत. गावात दुसऱ्या कोणाले दिसत नाईत, म्हणून लोक मले येडा म्हणतात.

औंदा माय मले शोधत पाळीवर आली. तिसऱ्यांदा पाणी थरथरून गेलं होतं.

तिनं पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ.

मंग लुगडं खोचलं.

"तू बस इथी," ती म्हणाली, "मी दोघाईले घेऊन येतो."

मी तिले ओढत घरी आणलं. आता ती रोज इचारते, "वारलू, वैशाख कधी लागते रे?"

मी सांगत नाई. दिवसभर तिचा हात धरून बसतो.

पोचूचाही धरला होता.