पहिल्या तारखेचा हात

“एकही हप्ता चुकलेला नाही. एकसुद्धा,” केतकी धोटे म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे लक्षात येऊन खुर्चीत मागे सरकली.

नागपूरच्या पत-उकल प्रयोगशाळेतली ती खोली थंडगार होती. खिडकी नव्हती. एका भिंतीवर केतकीचं गेल्या पाच वर्षांचं आर्थिक आयुष्य एकाच निळ्या रेषेत मांडलेलं होतं. रेषा बराच काळ सपाट चालली होती आणि चौदा महिन्यांपूर्वी खाली वळली होती. आठशे बारावरून सहाशे दहा.

“मला दिसतंय ते,” समोर बसलेल्या डॉ. सुजाता मेश्राम म्हणाल्या. “म्हणूनच तुमचं प्रकरण माझ्याकडे आलं. सरळ प्रकरणं खालच्या मजल्यावरच निकाली निघतात.”

पतांक, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो आकडा, का घसरला हे विचारण्याचा अधिकार नव्या कायद्यानं प्रत्येकाला दिला होता आणि उत्तर शोधणं हे या प्रयोगशाळेचं काम होतं. केतकीनं तिथं येण्याआधी सगळे उपाय करून पाहिले होते. कार्डाची मर्यादा एक लाखाची असली तरी ती पंचवीस हजारांच्या वर जात नव्हती. सल्लागारानं सांगितलं म्हणून वापरात नसलेलं सर्वांत जुनं कार्ड तिनं बंद केलं नव्हतं. नवीन कर्जाची चौकशी कुठंही केली नव्हती. अहवालाची पानं काढून, दुसऱ्या कुणाचं कर्ज आपल्या नावावर चढलंय का, हे ओळीनं तपासलं होतं. काहीच सापडलं नव्हतं. तरी दर महिन्याला आकडा बारा-पंधरांनी उतरत होता.

सक्करदऱ्यात तिची लहानशी कार्यशाळा होती. कर्णयंत्रं वापरणाऱ्यांच्या कानाच्या मापाचे साचे ती बनवायची. हाताखाली चार माणसं होती. एका मोठ्या रुग्णालयाचं वर्षभराचं काम मिळण्याच्या बेतात होतं. पण त्यासाठी कान आतून मोजणारं नवं यंत्र हवं होतं, आणि यंत्रासाठी कर्ज. पतांक सहाशेच्या खाली गेला की बँक दोन वर्षं अर्जच घेणार नव्हती.

“तुम्ही पैसे देता तेव्हा काय करता?” मेश्राम यांनी विचारलं.

“फोनवर रेघ ओढते. सगळे करतात तसंच.”

“बरोबर. गुप्त अंक टाकायचा, गोलावर बोट ठेवायचं आणि रेघेच्या टोकापर्यंत न्यायचं. ही मंजुरीची रेघ का आणली माहितेय? पैसे माणूसच देतोय, एखादं यंत्र नाही, हे कळावं म्हणून. बोट कुणाचं हे ती ओळखत नाही. जिवंत माणसाचं आहे, एवढंच बघते. पण त्यासाठी बोट किती दाबलं, कुठं अडखळलं, किती वेळात टोकाला पोचलं, हे सगळं साठवावं लागतं. आम्ही त्याला स्पर्शमुद्रा म्हणतो.”

“त्याचा पतांकाशी काय संबंध?”

“काहीच नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी पतांक काढणाऱ्या स्वयंशिक्षित गणकाला ही माहितीही, जुन्या नोंदींसकट, खुली झाली. त्याला कुणी काही शिकवत नाही. चाळीस कोटी माणसांच्या नोंदी त्याच्यापुढं असतात आणि पुढं कोण कर्ज बुडवणार, एवढा एकच प्रश्न. त्याला आढळलं, की ठरावीक तऱ्हेनं रेघ ओढणारी माणसं साधारण चार वर्षांनी हप्ते थांबवतात. आज अगदी वेळेवर भरत असली तरी.”

मेश्राम यांनी भिंतीवर दोन रेघा मोठ्या करून दाखवल्या. पहिली सरळ होती. दुसरीवर सुरुवातीला एक थांबा होता, आणि पुढं केसाएवढे बारीक, सारख्या अंतरावरचे दाते.

“ही पाच वर्षांपूर्वीची,” त्या म्हणाल्या. “आणि ही परवाच्या पहिल्या तारखेची.”

केतकी दातेरी रेघेकडे बघत राहिली. “म्हणजे मला काय झालंय?”

“केतकीताई, मी डॉक्टर आहे ती गणिताची. निदान करायचा मला अधिकार नाही.” त्यांनी दातेरी रेघेवर बोट ठेवलं. “पण माझ्या सख्ख्या बहिणीची रेघ अशी असती, तर मी तिला आजच्या आज मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेलं असतं.”

“गणकाला रोग कळतो?”

“रोग म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. हात असा चालला की पैसे थांबतात, एवढंच त्याला माहीत आहे. हात असा का चालतो, हे विचारायचं त्याला कारणच नाही.”

“माझ्यासारखे असे किती असतील?”

“माझा अंदाज अकरा लाख. मी वर लिहून कळवलंय. उत्तर आलेलं नाही.”

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. यूसुफ पठाण यांची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली. ते आठ दिवस केतकीनं स्वतःच्या हातांवर पाळत ठेवून काढले. चहाचा कप उचलताना ती थांबायची. साच्याची कड घासताना अवजार किंचित निसटलं, तर साचा बाजूला ठेवून हात उजेडात धरायची. असं आधीही निसटत असेल, पण तेव्हा कोण बघत होतं? कामाच्या टेबलावर तिनं कागदावर सरळ रेघा ओढायला सुरुवात केली. आधी दहा, मग पन्नास. जितक्या जास्त ओढाव्यात तितक्या त्या वाकड्या वाटायला लागल्या.

नवऱ्याला, श्रीरंगला, तिनं काही सांगितलं नाही. तो कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचा. शांत, टापटिपीचा माणूस. घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्याची यादी असायची. त्याला सांगितलं असतं तर त्यानं या आजाराचीही यादी केली असती, आणि ती यादी वाचायची तिची तयारी नव्हती.

“तुझं जेवणात लक्ष नाही,” तो एकदा म्हणाला.

“रुग्णालयाच्या कामाचं डोक्यात आहे.”

“मिळेल गं. पैशाच्या बाबतीत आपलं कधी इकडचं तिकडं झालंय का?”

तिनं मान हलवली आणि पोळी तोडताना बोटांकडे बघितलं.

पठाण यांनी दोन दिवस तपासण्या केल्या. शंखासारखी आत वळत जाणारी वर्तुळं काढायला लावली, चालायला लावलं, वास ओळखायला लावले, मेंदूची चित्रं घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद बंद केले आणि हसले.

“ताई, तुमच्या वयाच्या बाईचे इतके स्थिर हात मी क्वचित बघितले. कंपवाताची पुसटशी खूणही नाही. घरी जा, पोटभर जेवा.”

केतकी दवाखान्याच्या जिन्यातच बसली आणि रडली. रडणं ओसरल्यावर तिला भयंकर राग आला. एका यंत्राच्या चुकीपायी तिनं आठ दिवस जिवंतपणी मरण भोगलं होतं. ती तशीच प्रयोगशाळेत गेली आणि पठाण यांचा अहवाल तिनं मेश्राम यांच्यापुढं ठेवला.

“तुमचा गणक चुकलाय. माझा पतांक दुरुस्त करून द्या.”

मेश्राम यांनी अहवाल वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. केतकीच्या चौदा महिन्यांच्या सगळ्या स्पर्शमुद्रा त्यांनी पुन्हा भिंतीवर घेतल्या आणि या वेळी सरासरी न काढता एकेक वेगळी केली. दोन गठ्ठे पडले. मोठ्या गठ्ठ्यातल्या रेघा स्वच्छ होत्या: भाजी, औषधं, कार्यशाळेचा माल, रिक्षा. लहान गठ्ठ्यात महिन्याला आठ-नऊच रेघा होत्या, आणि सगळ्या दातेरी.

“गणक चुकलेला नाही,” मेश्राम हळू म्हणाल्या. “हे दोन हात आहेत. दुसरा फक्त पहिल्या तारखेला येतो. सकाळी सात ते सव्वासातच्या दरम्यान. तुमचे हप्ते कोण भरतं?”

“मीच,” केतकी म्हणाली. पैसे तिच्या खात्यातून जायचे, म्हणून इतकी वर्षं ती ‘मीच’ म्हणत आली होती. मग तिच्या डोळ्यांपुढं सकाळचं स्वयंपाकघर आलं. टेबलावर तिचा फोन, शेजारी यादी, आणि एकेका ओळीवर खूण करत रेघा ओढणारा श्रीरंग. कर्जाचा हप्ता, वीज, कार्ड, विमा. बावीस वर्षांत त्यानं एकही तारीख चुकू दिली नव्हती.

तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“त्यांचा स्वतःचा पतांक?” मेश्राम यांनी विचारलं.

“चांगला आहे. त्याचं सगळं पगारातून परस्पर कापलं जातं. तो स्वतःच्या फोनवर रेघ ओढतच नाही.”

“म्हणजे त्यांचा हात गणकानं फक्त तुमच्या नावावर बघितलाय.” मेश्राम यांनी एक अर्ज पुढं केला. “हे परक्या हाताचं निवेदन. सही केलीत की त्या नोंदी तुमच्या खात्यातून जातील आणि तुमचा पतांक संध्याकाळपर्यंत आठशेच्या वर येईल. मात्र कायद्यानं परक्या हाताच्या नोंदी कायमच्या पुसाव्या लागतात. मलाही ठेवता येणार नाहीत.”

केतकीनं अर्ज घेतला, घडी घालून पिशवीत टाकला आणि घरी गेली.

श्रीरंगनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उजवा हात टेबलावर ठेवून तो त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

“मला तर काहीच होत नाही,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “फळ्यावर नकाशा काढताना किनारा बारीक होत चाललाय. मला वाटलं, खडू बदललाय.”

पठाण यांच्या चित्रांत या वेळी खूण होती. फार पुसट; सांगितलं नसतं तर आपण शोधलीच नसती, असं ते स्वतःच म्हणाले. “एरवी रोग इतक्या लवकर हाती लागत नाही. आता त्याचा वेग कमी करणारी दोन औषधं आहेत. एकाला एक लागू पडतं, दुसऱ्याला दुसरं.”

“याला कुठलं लागू पडेल?” केतकीनं विचारलं.

“देऊन बघायचं. अडचण अशी, की या टप्प्यावर फरक माझ्या तपासणीत उमटायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर चुकीचं औषध चालू राहिलं तर तेवढा काळ हातचा गेला. याहून बारीक मोजणारं साधन माझ्याकडे नाही.”

केतकी आणि श्रीरंगनं एकमेकांकडे बघितलं. तसं साधन होतं: तिच्या पिशवीतल्या अर्जावर सही केली की पुसल्या जाणार होत्या, त्याच नोंदी.

प्रयोगशाळेत दोघं सोबतच गेले. औषध लागू पडतंय का हे पतांकावरून कळेल का, हा प्रश्न मेश्राम यांनी ऐकला आणि दातेरी रेघांचा गठ्ठा पुन्हा भिंतीवर घेतला.

“तर्कानं बरोबर आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “गणकाला हात वाईट दिसला तर आकडा उतरतो. औषधानं हात सुधारला तर उतरायचा थांबला पाहिजे. त्याच्याकडे तुलनेला चाळीस कोटी हात आहेत, कुठल्या दवाखान्याकडे असतील? पण ते चौदा महिने पुसले, तर नव्या नोंदींवर काही बोलायला त्याला पुन्हा वर्ष लागेल. आणि पुसले नाहीत, तर केतकीताई, हा पतांक तुम्हालाच वागवायचा आहे.”

“निवेदन द्यायची सक्ती आहे का?”

“नाही. चूक दुरुस्त करून घेणं हा तुमचा अधिकार आहे. वापरायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.”

“केतकी, सही कर,” श्रीरंग म्हणाला. “रुग्णालयाचं काम जाईल. चार माणसांचा पगार आहे तुझ्यावर. माझ्या एका हातासाठी—”

“तू गप्प बस जरा,” ती म्हणाली.

तिनं सही केली नाही. पुढच्या पहिल्या तारखेला पतांक पाचशे अठ्ठ्याण्णव झाला. रुग्णालयाचं काम दुसरीकडे गेलं. चारांपैकी दोघांना तिनं ओळखीच्या कार्यशाळेत लावून दिलं. त्यांतल्या एकीनं जाताना तिच्याकडे बघितलंही नाही. बाकी केतकीनं काही बदललं नाही. नवं कार्ड घेतलं नाही, जुनं बंद केलं नाही, खर्चाचं प्रमाण तेच ठेवलं. कारण आकडा हलला, तर तो फक्त हातामुळे हलला पाहिजे.

पहिलं औषध सुरू झालं. सुरुवातीला श्रीरंग दात-ओठ खाऊन रेघ सरळ ओढायचा प्रयत्न करायचा. मेश्राम यांनी फोनवरून त्याला झापलं. “सर, जोर लावून ओढलेली रेघ त्याला लगेच वेगळी कळते. रोजच्यासारखी ओढा.” पहिली तारीख जवळ आली की दोघांचंही बोलणं कमी व्हायचं. पाचशे नव्वद. पाचशे त्र्याऐंशी. पाचशे एकाहत्तर. पठाण यांच्या तपासणीत सगळं जसंच्या तसं होतं. पण त्यांनी तीन आकडे एकाखाली एक लिहिले, त्यांच्याकडे बघितलं, आणि औषध बदललं.

“हेही लागू पडलं नाही तर?” केतकीनं विचारलं.

“तर आपल्याला ते तीन महिन्यांत कळलेलं असेल,” ते म्हणाले. याहून जास्त धीर देणं त्यांना शक्य नव्हतं.

पुढच्या महिन्यात आकडा पाचशे एकाहत्तरच राहिला. केतकीनं त्यावर विश्वास ठेवला नाही. एखाद्या महिन्याची चूक असेल, गणक अडकला असेल. तो पूर्ण महिना ती आशा मनात येऊ न देता वावरली, आणि तेच तिला सर्वांत जड गेलं.

त्यानंतरच्या पहिल्या तारखेला श्रीरंग फोन द्यायला कार्यशाळेत आला आणि दारातच थांबून राहिला. पतांक दुपारी बारा वाजता कळायचा. केतकीच्या हातात एका म्हाताऱ्या गवयाच्या डाव्या कानाचा साचा होता. फोन वाजला. तिनं हात पुसले, चष्मा चढवला, वाचलं.

“किती?” श्रीरंगनं विचारलं.

“पाचशे चौऱ्याहत्तर.”

तो स्टुलावर बसला. “गेल्या वेळी एकाहत्तर होते ना?”

“एकाहत्तरच.”

एवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी बँकेचा संदेश होता. केतकीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “आपला पतांक पाचशे चौऱ्याहत्तर असून तो असमाधानकारक श्रेणीत आहे. सध्या आपल्याला कोणतंही कर्ज देता येणार नाही, याचा आम्हाला—” पुढचं तिला वाचता येईना. अक्षरं ओली झाली होती.

श्रीरंग उठून जवळ आला.

“परत वाच,” तो म्हणाला. “पहिल्यापासून.”