चाचणीसाठी आईचा फोटो

आमच्या घरात काहीही घ्यायचं झालं की आधी मी तक्ता करतो. मिक्सरच्या वेळी तीन आठवडे लागले होते आणि तोवर उन्नती, म्हणजे माझी बायको, शेजारणीकडून वाटण करून आणत होती. त्यामुळे आमच्या मुलीच्या, भाविकाच्या, लग्नाची पत्रिका आपण घरीच करू, फोटो नीट करायचं एखादं सॉफ्टवेअर मी बघतो, असं मी म्हटल्यावर मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

शेवटी तक्त्यात तीन उरली. एक फुकटचं, एक मोबाइलवरचं आणि एक कॉम्प्युटरवर चालणारं, पंधरा दिवस वापरून बघा आणि मग विकत घ्या म्हणणारं. घरगुती वापराला कोणतं बरं हे ठरवायचं तर तिन्हींनाही एकच काम द्यायला हवं. पत्रिकेत आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, फोटो लागणारच होता, म्हणून चाचणीला तोच घेतला. काम असं, की आईच्या हनुवटीवरचं गोंदण काढायचं.

तक्त्यात मी तसं लिहिलं नाही. तिथे 'डाग काढणे' असं लिहिलं.

आई, सगुणाबाई, तळवलीला आमच्या जुन्या जागेवर बांधलेल्या घरात तळमजल्यावर राहते, वर भाडेकरू आहेत. आम्ही घणसोलीला, सोसायटीत. होणारे व्याही साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात कांद्याचा व्यापार करतात, माणसं साधी. त्यांनी कुणाच्या दिसण्याबद्दल कधी अवाक्षर काढलेलं नाही. लाज माझी होती, आणि जुनी होती. सातवीत असताना शाळेने पालकांना बोलावलं, तेव्हा मी आईला बजावलं होतं की आलीस तर पदर तोंडावर धर. ती दोन तास तशी बसली. नंतर त्याबद्दल कधी काही बोललीही नाही.

फुकटच्या सॉफ्टवेअरने गोंदणाच्या जागी राखाडी धब्बा केला. दहापैकी चार गुण. संध्याकाळी आईचा नेहमीचा फोन आला, पाणी आलं का, पोरगी जेवली का. बोलता बोलता म्हणाली, हनुवटीला सकाळपासून मुंग्या आल्यात. दाताचं असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

मोबाइलवाल्याने सगळा चेहराच गुळगुळीत केला, सुरकुत्यांसकट. गोंदण मात्र फिकट हिरवं उरलं. सहा गुण. दोन दिवसांनी उन्नती तळवलीहून आली ती सांगत, की आईंचं गोंदण विटल्यासारखं दिसतंय. वयानं होतं, शाई शेवटी शाईच, असं मी तिला समजावलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं, तेही सांगून टाकतो.

शनिवारी दुपारी तिसरं उघडलं. ब्रश फिरवला आणि हनुवटी स्वच्छ झाली. सुरकुत्या जागच्या जागी राहिल्या. एकच, डावीकडे जाणारी, मधेच तुटली होती. ती मी माऊसने हाताने जोडली. नऊ गुण दिले, पत्रिका पुरी केली आणि व्याह्यांना पाठवली.

विहीणबाईंचा, विजयमालाताईंचा, तासाभरात फोन आला. पत्रिका झकास झालीय म्हणाल्या. मग मुद्द्यावर आल्या.

"आजींचं गोंदण फोटोत दिसंना. आमच्या सासूबाईंनी मुद्दाम विचारलं, साखरपुड्यात बघितल्यापासून त्यांना लई कौतुक त्याचं."

उजेड कमी पडला असेल, असं काहीतरी मी बोललो. घाईने फोन ठेवला. ज्यांच्यासाठी लपवलं त्यांनाच ते बघायचं होतं.

रविवारी सकाळी तळवलीला गेलो. आई कॉटवर बसली होती, पदर तोंडावर घट्ट धरून. काय झालं विचारलं तर मान हलवली. शेवटी मीच तिचा हात बाजूला केला.

हनुवटीवर काही नव्हतं. डागही नाही, व्रणही नाही. फक्त डावीकडे जाणारी ती सुरकुती होती, मधे जिथे मी जोडली होती तिथे किंचित जाड.

ओळखीतून एका त्वचेच्या डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवशीही वेळ दिला. त्यांनी भिंगातून बघितलं आणि लेझर कुठे केलंत म्हणून विचारलं. काम फार सफाईचं झालंय म्हणाले. आई पदर पुन्हा तोंडावर घेऊन बाहेर आली. रिक्षात बसल्यावर बोलली.

"वर गेल्याव माझी आयस मना कशी वलखंल?"

अंगावरचं सगळं इथेच काढून घेतात, गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं, हे मी तिच्याकडून लहानपणापासून ऐकत आलो होतो. मरणाला ती कधीच घाबरली नाही. त्या दिवशी मात्र तिने घर येईपर्यंत रिक्षाची दांडी सोडली नाही आणि मी रस्त्याकडे बघत होतो.

घरी येऊन मूळ फोटो उघडला. हनुवटी स्वच्छ. पेन ड्राइव्हवरची प्रतही तशीच. मग कपाटातून आमच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात आई मांडवात उभी होती, नव्या लुगड्यात, हसत. तिथेही काही नव्हतं. तिच्या आधार कार्डावरही नव्हतं.

म्हणजे ते परत रेखाटायला हवं होतं. मी सॉफ्टवेअर विकत घेतलं, हिरवा रंग निवडला आणि माऊस हनुवटीवर नेला.

ठिपके किती होते?

तीन की पाच? एकाखाली एक, की त्रिकोणात? खाली रेघ होती का? सेहेचाळीस वर्षं मी तिचा मुलगा आहे आणि मला ते सांगता येत नव्हतं. इतकी मेल्याहून मेल्यासारखी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी फोन करून तिलाच विचारलं.

"मना काय इचारतंस?" ती म्हणाली. "मी कवा बगला? तूच बगायचास, मांडीव पडून, बोट लावून लावून."

मी बोट आठवायचा प्रयत्न केला. बोट आठवलं. बोटाखालचे ठिपके आठवले नाहीत.

इंटरनेटवर शोधलं. एका म्हाताऱ्या बाईचा फोटो सापडला, खाली नाव नाही, गाव नाही. हनुवटीवर तीन ठिपके, त्याखाली छोटी रेघ. असंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते काम संपवायचं होतं. त्या बाईचं गोंदण उचललं आणि आईच्या हनुवटीवर ठेवलं. कडा जुळल्या, रंग जुळला. फोटो जतन केला.

सोमवारी रजा टाकून तळवलीला गेलो.

आई दारात मेथी निवडत बसली होती. पदर खांद्यावर, चेहरा उघडा. तीन ठिपके, खाली छोटी रेघ, जुनी मुरलेली हिरवी. मला रडूच आलं.

"आई," मी हाक मारली.

तिने वर बघितलं. परक्या माणसाला बघून हसतात तशी हसली. हात झटकून उठली, खुर्ची पुढे केली, आत गेली आणि पाण्याचा ग्लास ताटलीत ठेवून घेऊन आली.

"तुमी कोनाकडचे?"

मी उभ्यानेच ग्लास हातात घेतला.

"बसा ना. आयशीला सांगून आलाव ना? वाट बगत आसंल ती."

मी हो म्हटलं आणि पाणी प्यायलो.