कुर्लीची पाच दिवसांची सुट्टी

तेच आकडे दोन संगणकांना दिले. एकाने उत्तर दिलं चोवीस, दुसऱ्याने उत्तर द्यायलाच नकार दिला. आता खरं कुणाचं मानायचं? सुरंगवाडीच्या अकरा वर्षांच्या शाल्मलीपुढे एका सकाळी हा पेच उभा राहिला, आणि तो सोडवायला तिच्या हाती जेमतेम दोन तास होते.

सुरंगवाडी हे समुद्रकाठचं गाव. थंडी सुरू झाली की तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या येऊ लागतात. वाळूत खड्डा करतात, अंडी घालतात, वर वाळू लोटतात आणि मागे वळूनही न बघता समुद्रात निघून जातात. पुढची सगळी काळजी गावाच्या गळ्यात. त्या वर्षीच्या शेवटच्या घरट्यात एकशे बारा अंडी होती. वाळू फार गार पडली तर अंड्यांतली पिल्लं वाढत नाहीत, आणि फार तापली तर अंडी आतच भाजून निघतात. म्हणून घरट्यावर सावलीसाठी हिरवी जाळी बांधली होती आणि शेजारी कुर्ली राखणीला बसवली होती.

कुर्ली म्हणजे दहा पायांचा यंत्रखेकडा. रोज दुपारी ती आपली लांब नांगी वाळूत खुपसायची, तापमान मोजायची आणि नोंद घरी पाठवायची. तिला बनवलं होतं शाल्मलीच्या आजोबांनी, डॉक्टर मोरेश्वर पाटकरांनी. हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, समुद्राचा अभ्यास करणारे. निवृत्त होऊन ते गावी आले खरे, पण निवृत्त माणसाने बसावं तसं स्वस्थ ते एक दिवसही बसले नाहीत.

कुर्लीच्या नोंदींची आकडेमोड 'मांडणी' नावाची प्रणाली करायची. ही मांडणी मुक्तस्रोत होती (म्हणजे तिची आतली रचना कुणालाही उघडून वाचता येते, सुधारता येते आणि फुकट वापरता येते). जगभरातल्या हजारो माणसांनी मिळून ती घडवली होती. आठच दिवसांपूर्वी तिची सातवी आवृत्ती (नवं, सुधारलेलं रूप) आली होती. शाल्मलीने ती लगेच आपल्या टॅबवर उतरवून घेतली. आजोबा मात्र सहावीला चिकटून बसले होते.

"पंचवीस दिवसांची सरासरी चोवीस अंश," आजोबा आपल्या जुन्या संगणकाकडे बघत म्हणाले. "वाळू फार गार आहे. जाळी काढून ऊन लागू द्यायला हवं."

कासव समितीच्या जयवंतीकाकू दारातच उभ्या होत्या. "मगे अकराक पोरांका घेवन जातंय आणि जाळी काढतंय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्यासुद्धा.

शाल्मलीने सहज म्हणून तेच आकडे टॅबवर घातले. सातव्या आवृत्तीने सरासरी दिलीच नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : "पाच दिवसांची नोंद नाही. त्या दिवसांचं काय करू?"

"आगाऊ आहे ही सातवी," आजोबा म्हणाले. "विचारलं त्याचं उत्तर द्यायचं सोडून उलट प्रश्न विचारते. तुझ्यासारखीच."

शाल्मली हसली, पण तिच्या मनातून तो प्रश्न जाईना. घड्याळात नऊ वाजून गेले होते. ती चपला अडकवून तडक किनाऱ्यावर गेली.

कुर्ली जाळीच्या सावलीत बसली होती. तिच्या पाठीवर अजून थोडा गुलाल चिकटलेला होता.

"कुर्ले, मधल्या पाच दिवसांचे आकडे कुठे आहेत?"

"ते नाहीत," कुर्ली म्हणाली. "मी सुट्टीवर होते. शिमगा होता. आजोबा म्हणाले, गावात सगळ्यांना सुट्टी आहे, मग तुलाच का नको? त्यांनी मला गुलाल लावला आणि बंद केलं."

आता शिमग्याला यंत्राला सुट्टी देणारा शास्त्रज्ञ तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिला आहे का? सुरंगवाडीत कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रोंबाट, म्हणजे शिमग्याची मिरवणूक, दारावरून वाजतगाजत जात असताना एकट्या कुर्लीने राबावं, हे आजोबांच्या मनाला पटलंच नसतं.

"मग त्या दिवसांचं तू काय लिहिलंस?"

"मोजलं नाही, म्हणून लिहिलं नाही. रकाने रिकामे सोडले."

शाल्मली वाळूत बसली आणि कुर्ली सांगेल ते आकडे बोटाने लिहू लागली. मोजलेले दिवस वीस. रोजचं तापमान तीसच्या अलीकडे-पलीकडे. बेरीज बरोबर सहाशे. सहाशेला विसाने भागलं की तीस. मग चोवीस आले कुठून? तिने सहाशेला पंचविसाने भागून पाहिलं, आणि चोवीस समोर हजर झाले.

म्हणजे जुन्या आवृत्तीने पाचही रिकामे रकाने शून्य धरले होते. शून्य अंश म्हणजे पाण्याचा बर्फ होईल इतकी थंडी. ऐन शिमग्यात सुरंगवाडीच्या वाळूत बर्फ पडला, असं ती बिनदिक्कत मानून चालली होती. शाल्मलीला आपली शाळा आठवली. गणितात शून्य मिळणं वेगळं आणि ताप आला म्हणून परीक्षेलाच न बसणं वेगळं. गैरहजर मुलाला बाई शून्य देत नाहीत, कारण त्याला गणित येतं की नाही हे त्यांना ठाऊकच नसतं.

वाळू तीस अंशांवर असेल तर अंडी सुखात होती. अशात जाळी काढली तर चैत्राच्या उन्हात एकशे बारा पिल्लांचा जीव जाणार होता.

ती घराकडे पळत सुटली. दारात पोचेपर्यंत धाप लागली होती. आधी खात्री करावी म्हणून तिने सातव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी उघडली. पहिलाच बदल होता : रिकाम्या रकान्याला शून्य धरण्याचा जुना नियम काढून टाकला आहे. हा नियम कुणी घातला होता, हेही तिथे वाचता येत होतं, कारण मुक्तस्रोतात काही लपवलेलं नसतं. चाळीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि पुढे नाव होतं : मो. पाटकर.

शाल्मलीने टॅब छातीशी धरला. मांडणीच्या पहिल्या आवृत्तीत आपलाही हात आहे, हे आजोबा आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. त्यांना हे कसं सांगायचं? तिला त्यांचं फार वाईट वाटलं. पण घड्याळात साडेदहा झाले होते, आणि अंड्यांची बाजू मांडायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"आजोबा, रागावू नका," ती म्हणाली, आणि टॅब त्यांच्या पुढ्यात ठेवून सगळं सांगून टाकलं.

आजोबांनी चष्मा पुसला. आपलं नाव दोनदा वाचलं.

"तेव्हा मी होड्यांच्या नोंदी ठेवायचो," ते म्हणाले. "होडी गेली नाही त्या दिवशी रकाना रिकामा. त्या दिवशी मासे किती मिळाले? शून्य. तिथे ते बरोबरच होतं, शालू. पण मी तोच नियम सगळ्यांसाठी घालून ठेवला. मासे न मिळणं आणि तापमान न मोजणं यात फरक आहे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही."

"मग आता?"

"आता तुझ्या आगाऊ सातवीला उत्तर देऊ. सांग तिला, ते पाच दिवस वगळ."

शाल्मलीने तसं सांगितलं. पडद्यावर उत्तर आलं : "तीस अंश, अर्धा अंश इकडेतिकडे. वीस नोंदींवरून. उरलेल्या पाच दिवसांबद्दल मला माहीत नाही."

"ही अनिश्चितता (उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकतं, त्याचा अंदाज)," आजोबा म्हणाले. "सहावी नुसता आकडा फेकायची. ही आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती नाही, तेही सांगते. गुणी आहे पोर." बोलता बोलता त्यांनी छत्री उचलली, आणि चपला घालायचं विसरून ते किनाऱ्याकडे निघाले.

जयवंतीकाकू जाळीची पहिली गाठ सोडत होत्या.

"जयवंती, जाळयेक हात लावू नको," आजोबा लांबूनच म्हणाले. "माझो हिशोब चुकलो."

काकूंनी वळून पाहिलं. "तुमचो हिशोब चुकलो?"

"चुकलो. चाळीस वर्सांमागे चुकलो, तो आज गावलो. ह्या पोरीन शोधून काढल्यान."

"बरां झालां आज गावलो," काकू म्हणाल्या आणि गाठ पुन्हा घट्ट बांधू लागल्या. "उद्या गावलो असतो तर मी तुमका सोडलां नसतां."

आजोबा शाल्मलीचा हात धरून तापल्या वाळूत अनवाणी उभे होते. तिनेही त्यांचा हात सोडला नाही.

पंचवीसेक दिवसांनी, एका पहाटे, वाळू हलली. आधी एक काळं नाक वर आलं, मग दहा, मग मोजता मोजता तारांबळ. एकशे बारा अंड्यांतून चौऱ्याण्णव पिल्लं निघाली आणि तुरुतुरु लाटांकडे चालू लागली. शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं, तेव्हा शाल्मलीने वही उघडली. 'पिल्लं' या रकान्यात तिने चौऱ्याण्णव लिहिले. पुढचा रकाना होता 'परत आलेली'. तिचं पेन तिथे थांबलं.

"आजोबा, यातल्या माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला परत यायला किती वर्षं लागतील?"

"पंधरा म्हण. कदाचित कमी, कदाचित जास्त. समुद्रात त्यांचं काय होतं, ते अजून कुणाला धड मोजता आलेलं नाही. तू मोठी झाल्यावर बघ जमतंय का."

"पंधरा वर्षांनी तुम्ही याल ना मोजायला?"

आजोबा लाटांकडे बघत राहिले. "ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण शून्य लिहू नकोस."

शाल्मलीने तो रकाना रिकामा ठेवला आणि आजोबांना खेटून बसली.