अडवलेला निरोप

सांगणार नाही म्हटलं होतं. पण ही रीना सकाळपासून माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसली आहे. चहा ढोसून झाला, तरी उठायचं नाव नाही. "सांगा नं, चैतूभाऊ. मी लिहून घेते." लिही बाई. शाळेत मी गेलो ते मास्तरच्या शेळ्या राखायला, तेव्हा अक्षरं तुझी, गोष्ट कोलूची. मधात बोलायचं नाही.

कोलूचं घर नाल्याकाठच्या उंचवट्यावर. खाली गोदावरी चढली की नाला उलटा भरतो, आणि पलीकडच्या टोल्यावर, त्या एका घराच्या वस्तीवर, एकटी राहणारी बुधरी शेळ्यांसकट अडकून पडते. मोबाइलचा टॉवर तर पहिल्या वाऱ्यालाच मरतो. म्हणून रीनाच्या संस्थेनं पांढरे डबे लावले. एक बुधरीच्या छपरावर, एक कोलूच्या, एक इकडं घाटावर माझ्या. मी डोंगावाला, नावेतून माणसं पार नेणारा. बटण दाबून बुधरी बोलली, की तिचा डबा कोलूच्या डब्याला सांगणार, कोलूचा माझ्या. टॉवर नको, तार नको. मधला झोपला, की पुढं सगळं मुकं.

कोलूला हे नवं वाटलं नाही. त्याचा आजा ढोलवाला होता. कोणी मेलं, वाघ दिसला, तर एका गावचा ढोल ऐकून दुसऱ्या गावानं वाजवायचा. कानावर आलेला निरोप अडवायचा नाही. अडवला, तर ज्याचा निरोप ते माणूस अडवणाऱ्याच्या घरी येऊन बसते, असं आमच्यात मानतात.

पुराच्या दिवशी मासे वावरात चढले. आभाळ असं दाटलं की दिवेलागणीआधीच अंधारलं. कोलूनं डब्याची बॅटरी सोडली आणि मासे धरायच्या दिव्याला जोडली.

"काढू नका जी," त्याची बायको सीता म्हणाली. "बुधरीबाई तिकडं एकटी हाय."

"पाणी खालीच हाय अजून. तू मसाला वाट."

घटकाभरात येतो म्हणून गेला. पण मासे असे, की पायात येऊन आपटत होते. त्याला भान राहिलं नाही. परत येऊन बॅटरी लावली, तर ती पार उतरलेली.

सकाळी टोला नव्हता. पळसाच्या दुबेळक्यात अडकलेली एक शेळी तेवढी ओरडत होती. बुधरी सापडली नाही. तिचा डबाही नाही.

गाव माझ्या अंगावर आलं. "डोंगा काऊन नाई नेला?"

"निरोपच नाई आला."

"पिऊन पडला असंल म्हातारा!"

गावपाटील दादाजींनी कोलूला विचारलं, "तुझा डबा सुरू होता काय?"

कोलूनं हात पाठीमागं घेतले. हातांना माशांचा वास होता. "सुरू होता," तो म्हणाला. "निरोप गेला असंल."

तेव्हापासून माझ्या डोंग्यात कोणी बसत नाही.

पाणी ओसरलं. भात कापून झाला, नाल्यात वाळू उघडी पडली. एका दुपारी कोलू जेवत होता, आणि छपरावरचा डबा खरखरला.

"कोलू... पाणी ओट्याले लागलं. चैतूभाऊले सांग... डोंगा आणा."

घास हातातच राहिला. जुनं काही अडकलं असेल, आता सुटलं, असं त्यानं मनाला समजावलं. बाजाराच्या दिवशी रीना भेटली, तर तिला आडून विचारलं. ती म्हणाली, "डबा जुनं ठेवत नाई, भाऊ. कोणी आत्ता बोललं, तरच वाजते."

घरी आला, तर ओट्याच्या कडेनं गाळाची ओली रेघ होती. सीता ती पुसत होती. पुसली की परत उमटत होती.

मग डबा म्हणाला, "पाणी चुलीत आलं..." सीतेनं चूल पेटवायला घेतली, तर राखेचा चिखल झालेला. घरभर माशांचा वास, कुजका. सीता लेकराला घेऊन माहेरी गेली. कोलूनं बॅटरी काढून नाल्याच्या डोहात फेकली.

डबा तरी बोलला. आवाज आता दमलेला होता. "बाजेवर आलं रे, कोलू... सांगितलंस काय?"

त्या संध्याकाळी तो माझ्याकडं आला. थंडीचे दिवस, नाला कोरडा, आणि हा छातीपर्यंत भिजलेला. दातावर दात वाजत होते.

"चैतूभाऊ, बुधरीबाईचा निरोप हाय. डोंगा आण."

मग सगळं बोलला. बॅटरी, मासे, दादाजींसमोरचं खोटं.

"निरोप घेतला," म्हटलं. "आता चल दादाजींच्या दारात. सगळ्यांसमोर माफी माग माझी."

"उद्या मागतो, भाऊ. आज लाज वाटून राह्यली."

"उद्या नक्की?"

"नक्की."

सकाळी तो बाजेवर सापडला. गोधडी कोरडी, जमीन कोरडी. तोंडात गाळ, केसांत नदीची वाळू. डॉक्टर म्हणाला, बुडून मेला. कुठं बुडला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

झालं. लिहिलं सगळं? मग आता काय पाहून राह्यली अशी? ओटा ओला आहे, माहीत आहे मला. पुसू नको, पुसून जात नाही.

आणि तो डबा खरखरतो आहे, तोही ऐकू येतो मला. परवापासून बोलतो. बुधरी नाही. बुधरीचा निरोप पोचला, ती गप्प झाली. हा बाप्याचा आवाज आहे, दातावर दात वाजत असलेला. "डोंगा आण, चैतूभाऊ... चुलीत आलं..."

येऊ दे पाणी माझ्याही बाजेपर्यंत. डोंगा बांधून ठेवलाच आहे घाटावर. पण माफीचा एक शब्द अजून त्या डब्यातून निघाला नाही, आणि तो निघाल्याशिवाय मी दोर सोडणार नाही. कोणाची माफी म्हणून विचारतेस, बाई? कोलूची, उद्यावर टाकलेली.