गोटीचा आहे, हात लावू नये

बिघाड दोनच प्रकारचे. एक यंत्रातला, दुसरा गिऱ्हाइकाच्या डोक्यातला. बावीस वर्षं गेमचे कंट्रोलर दुरुस्त करतोय, तिसरा प्रकार मी पाहिला नव्हता. लोक येतात, "आपोआप चालतो हो" म्हणून डोळे मोठे करतात. मी स्क्रू काढतो, स्टिकच्या मुळाशी घासलेली पट्टी दाखवतो, बदलून देतो. भूतबीत काही नसतं. धूळ असते आणि बिस्किटाचा चुरा असतो.

त्यामुळे समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टरीण तोच कंट्रोलर घेऊन तिसऱ्यांदा आली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"डावी स्टिक वर जाते, जरा डावीकडे. दोनदा. मग गप्प."

मी तिच्यासमोर तो मशीनला जोडला. आकडे मध्यावर खिळलेले. दहा मिनिटं बघितलं, काटा हलला नाही.

"तुमच्याकडे आला की शहाण्यासारखा वागतो," ती म्हणाली. "माझ्याकडे येऊन बघा. दुपारी साडेअकराला."

गेलो. पेशंटची खुर्ची रिकामी होती, भिंतीवर टीव्ही. जुनाच कन्सोल, माझ्याकडूनच घेतलेला. कंट्रोलर तिने हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि हात मागे घेतला. आम्ही दोघं उभं राहून बघत राहिलो. साडेअकरा झाले. स्टिक वर गेली, जरा डावीकडे. परत आली. पुन्हा गेली.

पडद्यावरचं चित्र हललं असतं तर मी हसलो असतो. पट्टी घासली की पडद्यावरचा माणूस भरकटतोच. पण हा प्लास्टिकचा दांडा हलला होता, माझ्या डोळ्यांदेखत. स्टिकमध्ये मोटर नसते. तिला हलवायला अंगठा लागतो.

"काय आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. पण ते काय आहे ते मला कळलं होतं. वर, जरा डावीकडे, दोनदा. ती मान हलवायची पद्धत होती. 'चल ना' म्हणायची. ती माझ्या बहिणीची होती.

तिला सगळे गोटी म्हणत. लहानपणी गोल होती, आणि एका जागी ठरत नसे. आमचा पहिला कंट्रोलर वायरचा, दोन बटणांचा. वायर एवढी आखूड की टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडीला मांडी लावून बसावं लागे. गोटी खेळताना स्वतःच उड्या मारायची, मग कन्सोल धाडकन खाली. आई ओरडायची, शिव्या मला बसायच्या. पुढे कंट्रोलरला बटणं वाढली, स्टिक आल्या, हातात थरथरणाऱ्या मोटरी आल्या. वायर लांब होत होत शेवटी गेलीच. मग इंटरनेटवरून खेळायची सोय झाली, तोवर ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. सगळे म्हणाले, बरं झालं, आता लांब राहूनही भावंडं जवळ. मीही म्हणालो. शेजारी बसायची कटकट मिटली याचा मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू.

आम्ही एकच गेम खेळायचो, दोघांचा. त्यात एक बटण दाबलं की आपला माणूस शिट्टी मारतो आणि जोडीदाराच्या हातात कंट्रोलर थरथरतो. तिच्या तीन शिट्ट्या म्हणजे 'दादा, ये ना'. माझी खोड उलटी. काहीही नवं दिसलं की माझा अंगठा आपोआप स्टिक मागे ओढायचा. "घाबरट! तुझं नेहमी एक पाऊल मागे," ती कानातल्या माइकवर खिदळायची.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी साडेअकराच्या सुमारास दुकानात टेबलावर माझा कंट्रोलर तीनदा थरथरला. समोर गिऱ्हाईक होतं. मी "नंतर गं" पुटपुटलो. तो पुन्हा तीनदा थरथरला. मी वैतागून बॅटरी काढून ठेवली. दोन तासांनी तिच्या घरमालकिणीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय. कंट्रोलर तिच्या मांडीवर होता.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फोन करायची ताकद नसेल तिच्यात, बटण दाबण्यापुरती असेल. चार वर्षं रोज सकाळी उठल्या उठल्या मी ती बॅटरी काढतो.

दवाखान्यातून आलो तो तडक दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. जुन्या कन्सोलचे सुटे भाग कंपनीने केव्हाच बंद केलेत, म्हणून मी मेलेले कंट्रोलर फोडून भाग वेगळे करतो. कवच आणि बोर्ड गोणीत टाकतो. गोणी जमिनीवर उलटी केली. सगळी कवचं काळी, सगळी सारखी. सतराव्याच्या आत पिनेने कोरलेलं होतं: गोटीचा आहे, हात लावू नये.

तिचा कंट्रोलर मी कपाटात ठेवला होता. दिवाणखाना आवरताना बायकोने तो 'दुकानातलाच असेल' म्हणून दुकानात धाडला, आणि मी वीस कंट्रोलरच्या ढिगात तो उघडला. रोज उघडतो तसा, न बघता. रडू आलं ते तेव्हा नाही, नंतर आलं. तेव्हा मी दुरुस्तीची वही उघडून बसलो. त्या ढिगातले भाग तीन ठिकाणी गेले होते. स्टिक डॉक्टरीणबाईंकडे. ट्रिगर बेकरीवाल्याकडे. मोटर ड्रॉइंगच्या निवृत्त मास्तरांकडे.

आणि जुन्या कन्सोलची ऑनलाइन सेवा तीस तारखेला दुपारी बारा वाजता कायमची बंद होणार होती. तशी सूचना महिनाभर पडद्यावर येत होती. त्या दिवशी सव्वीस होती.

मी शहाणा माणूस आहे. पट्टी, धूळ, चुरा, एवढ्यावर माझा विश्वास. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि मी चार वर्षं बुडतच होतो. चार दिवसांत ते तीन तुकडे मला परत हवे होते. ती साडेअकराला बोलावत होती. तिची हाक एकदा टाळली होती, ही शेवटची होती.

डॉक्टरीणबाईंनी एका शब्दात स्टिक दिली. उलट सुटल्यासारख्या दिसल्या. बेकरीवाला म्हणाला, "ट्रिगर आपसूक दाबला जातो, मला वाटलं माझंच बोट वातानं आखडतंय." त्यानेही दिला. बदली भाग बाजारात नव्हते. माझ्या स्वतःच्या कंट्रोलरमधून काढले आणि त्यांना बसवून दिले.

मास्तर मात्र ऐकेनात.

त्यांची खोली नीटनेटकी, एकट्या माणसाची असते तशी. कंट्रोलर उशीवर ठेवलेला, पांघरुणात गुंडाळलेला.

"बिघडलेला नाही तो," मास्तर म्हणाले. "रोज साडेअकराला तीनदा थरथरतो. मी ओ देतो."

"मास्तर, माझी मोटर बसवून देतो. तीही चांगली आहे."

"ती हाक मारेल का?"

त्या म्हाताऱ्यासमोर मी बॅटरीची गोष्ट पहिल्यांदा तोंडातून काढली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग पांघरूण सोडवलं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "मी ओ देतो तेव्हा तो थांबतो. जरा वेळाने पुन्हा सुरू होतो. तिला माझा आवाज नकोय बहुतेक." त्यांच्या कंट्रोलरमध्ये माझी मोटर बसवून मी निघालो.

तीस तारखेला सकाळी तिचा कंट्रोलर जोडून झाला. तिचा बोर्ड, तिचं कवच, तिची स्टिक, तिचा ट्रिगर, तिची मोटर. शटर अर्धं ओढलं. साडेअकराला माझ्या नावाने ऑनलाइन शिरलो.

मित्रांच्या यादीत एकच नाव. गोटी. शेवटची हजेरी: चार वर्षांपूर्वी.

गेम जिथे सोडला होता तिथेच उघडला. दगडी अंगण, समोर बंद दरवाजा, जमिनीत दोन चौकोनी फरश्या. दोघं दोन फरश्यांवर उभे राहिले तरच तो दरवाजा उघडतो. एकट्याचं तिथे काम नाही.

डावीकडच्या फरशीवर पिवळ्या टोपीतलं कुणीतरी उभं होतं.

मी यादी पुन्हा बघितली. शेवटची हजेरी: चार वर्षांपूर्वी.

"गोटी?"

माझ्या अंगठ्याखाली स्टिक आपोआप वर गेली, जरा डावीकडे. दोनदा. मग पडद्यावर पिवळ्या टोपीने तशीच मान हलवली.

मी रडत होतो. "चुकलो गं मी. गिऱ्हाईक होतं. मला काय माहीत," असं काहीबाही बोलत होतो. माइक नव्हता. घड्याळात अकरा पंचावन्न झाले. ती नुसती उभी.

अठ्ठावन्न.

कंट्रोलर थरथरला. एक. दोन. तीन.

माझा अंगठा मागे गेला. सवयीने. माझा माणूस एक पाऊल मागे सरकला आणि पुन्हा थरथर सुरू झाली, या वेळी जोरात. एक. दोन. तीन.

"आलो गं," मी म्हणालो. "आलो, आलो."

स्टिक पुढे दाबली. दुसऱ्या फरशीवर उभा राहिलो. दरवाजा उघडला. आत अंधार होता. पिवळी टोपी बाजूला झाली, मला वाट करून दिली.

मी आत गेलो.

ती मागून आली नाही. ती अंगणातच थांबली होती, माझ्याकडे पाठ करून, पडद्याच्या या बाजूला तोंड करून.

बारा वाजले. ही सेवा बंद झाली आहे.

त्या रात्री चार वर्षांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर बॅटरी आठवली नाही. अंगात हलकेपणा होता, एका जागी बसवेना. बायकोला बरं वाटलं. "सुटलात एकदाचे," ती म्हणाली.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुम्ही बसवलेली नवी स्टिक हो. आता मागे जाते."

"मागे?"

"एक पाऊल मागे. थांबते. पुन्हा एक पाऊल. दिवसभर. कुणाला तरी तिथून बाहेर यायचंय, असं वाटतं मला बघून."

दुपारी बेकरीवाल्याचा फोन आला. मग मास्तरांचा. ते म्हणाले, "मोटर थांबतच नाही. मी ओ दिली, तर आणखी जोरात. तुम्हीच बोलताय ना फोनवर?"

"मीच की," मी म्हणालो आणि हसू फुटलं. खिदळणंच ते. का, कुणास ठाऊक.

फोन ठेवला तर बायको चहाचा कप घेऊन दारात उभी.

"घेणार ना?"

मी मान हलवली. वर, जरा डावीकडे. दोनदा.

कप तिच्या हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मग ती एक पाऊल मागे सरकली.