पहिली शीळ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. कुणाला पटवत बसायची मला हौस नाही. पण माझ्या कपाळावरचे सात टाके खोटे नाहीत.

लाइपझिग, १७ ऑक्टोबर २०१९. रात्रबित्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं.

मी जुन्या तबकड्यांचा आवाज साफ करतो. खरखर काढायची, गाणं राखायचं, हा माझा धंदा.

त्या दिवशी थालाऊबाई आल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, हातात घरी केलेला प्लमचा केक. त्यांचे वडील गायक होते. १९३१ साली इथल्याच एका थिएटरात घरमालकांची सालटी काढणारं संगीत नाटक लागलं होतं. तिसऱ्या कडव्याला नाझींचे तपकिरी शर्टवाले उठले. आधी एक शीळ, मग शेकडो. वडिलांना मंचावरून खाली ओढलं आणि खुर्चीच्या पायानं ठेचून मारलं. बाई तेव्हा तीन महिन्यांच्या होत्या.

तो प्रयोग कुणीतरी तबकडीवर उतरवला होता. एकच प्रत, कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली.

"बाबांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही," तबकडी देताना बाई म्हणाल्या होत्या. "आणि ती पहिली शीळपण हवीय मला. सुरुवात कुणी केली, ते कोर्टात एकालाही आठवलं नाही. साफ करा, पण पुसू नका हं, रोडेवाल्ड."

मी पुसली.

कारण ती मला ओळखू आली...

आमच्याकडे घराघराची आपली शीळ असते. गर्दीत पोरं पांगली की बापानं घालायची, पोरांनी तशीच परत द्यायची. आमची चार सुरांची, शेवटचा सूर वर चढणारा. आजोबांनी बसवलेली. मला आणि माझ्या बहिणीला त्यांनीच शिकवली.

तबकडीवर तेच चार सूर होते.

लाज वाटली मला. म्हटलं, म्हातारीला गाणं ऐकू दे, बास.

मी साफ केलेलं गाणं लावलं. पहिलं कडवं. बाईंनी तोंडावर हात धरला. "अगोबाई, किती तरुण आहे हो हा!"

दुसरं कडवं.

तिसरं...

आणि शीळ वाजली.

स्पीकरमधून नाही. माझ्या पाठीमागून, दाराजवळून.

मी उत्तर दिलं. शपथेवर सांगतो, मनात नव्हतं. ओठांनीच दिलं. पन्नास वर्षांची सवय.

मग खोलीभर शिट्ट्याच शिट्ट्या. खिडकीची काच फुटली. केकची बशी भिंतीवर आदळली. दिसत कुणीच नव्हतं... नुसते बूट वाजत होते. माझ्या कपाळावर लाकूड बसलं, डोळ्यांत रक्त उतरलं. बाईंना कुणीतरी केसांना धरून खुर्चीतून खाली खेचलं. त्यांच्या बरगड्या मोडताना मी ऐकल्या.

मी यंत्राकडे सरपटलो.

"बंद करू नका!" त्या जमिनीवरून ओरडल्या. "गातोय तो अजून!"

गात होता. तबकडीवर तिसरं कडवं अर्ध्यात तुटतं. त्या दिवशी ते पूर्ण झालं.

मग सगळं शांत...

हॉस्पिटलात मी बाईंना सगळं कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पुसलीत ते समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण उत्तर का दिलंत?"

दहाव्या दिवशी त्या गेल्या.

तेव्हापासून मी शीळ घालत नाही. सूर तोंडाशी आला तर ओठ चावतो. बहिणीला मात्र काही सांगितलं नाही. आजोबांची लाडकी होती ती.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. वीबके खालच्याच मजल्यावर राहते, एकटी.

"काय रे, जिन्यात शीळ घालून गेलास कुठे? दार उघडं टाकून बसलेय मी केव्हाची!"

"वीबके... तू उत्तर दिलंस?"

"मग? देणार नाही तर काय!"

तिच्या मागे खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

आता ती त्याच हॉस्पिटलात आहे. अजून शुद्ध नाही. काल नर्स मला म्हणाली, "मधूनच ओठांचा चंबू करतात हो तुमच्या ताई. कुणाला हाक मारायची असते का त्यांना?"